डॉक्टर झाल्यावर कलेक्टर: मेडिकलची सीट वाया जाते का?

पांझरा

आमच्या भाचीने इंटर्नशिप चालू असतानाच घरी सांगून टाकलंय की ती पीजीची नीट देणार नाही, युपीएससी देणार. तेव्हापासून नातेवाइकांत दोन पार्ट्या पडल्यात. एक पार्टी पेढे वाटायच्या तयारीत, आणि दुसरी म्हणते मग सरकारी कॉलेजातली सीट अडवलीस कशाला, तिथे दुसरं कोणी शिकलं असतं तर जन्मभर पेशंट तपासले असते. मला हा दुसरा प्रश्न उडवून लावण्यासारखा वाटत नाही म्हणून धागा काढतेय. पण माझं मत आधीच सांगते, सीट वाया जात नाही, आणि असं म्हणायचं कारण आमच्याच बाजूला घडलेलं आहे.

डॉ. राजेंद्र भारुड. धुळे-नंदुरबारकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको. साक्री तालुक्यातलं सामोडे गाव, भिल्ल कुटुंब, वडील जन्माच्या आधीच गेलेले, आई मोहाची दारू विकून घर चालवायची आणि प्यायला येणारी माणसं पोराच्या हातावर जे काही ठेवायची त्यातून वह्यापुस्तकं यायची, हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. मग नवोदय विद्यालय, तिथून मुंबईला सेठ जी. एस. मेडिकल म्हणजे आपलं केईएम, आणि एमबीबीएस संपता संपता युपीएससी. २०१३ ची आयएएस बॅच. सोलापूर जिल्हा परिषदेत सीईओ होते आणि नंतर नंदुरबारला कलेक्टर.

इथपर्यंतची गोष्ट सगळे फॉरवर्ड करतात आणि इथेच थांबतात. मला त्यांचं पुढचं काम जास्त मोठं वाटतं. कोविडच्या पहिल्या लाटेत नंदुरबारचा सगळ्यात वाईट दिवस म्हणजे १९० च्या आसपास नवे पेशंट, मोठ्या शहरांच्या मानाने काहीच नाही, तरी सप्टेंबर २०२० मध्ये त्यांनी मिनिटाला ६०० लिटरचा ऑक्सिजन प्लांट बसवला. पहिली लाट ओसरल्यावर सगळीकडे कोविड सेंटरं बंद होत होती तेव्हा यांनी आणखी प्लांट घेतले, जिल्हा नियोजनचा निधी, आपत्तीचा निधी, सीएसआर म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामाचा पैसा, जिथून जमेल तिथून पैसा उभा केला. एप्रिल २०२१ मध्ये दिवसाला १२०० च्या घरात पेशंट निघायला लागले तेव्हा जिल्ह्याची क्षमता मिनिटाला २४०० लिटर झालेली होती. दिल्लीत लोक सिलिंडर घेऊन रस्त्यावर फिरत होते त्या दिवसांतली ही गोष्ट आहे, आणि हा तोच जिल्हा जिथे धडगावच्या पाड्यांवरून पेशंटला बांबूच्या झोळीत घालून खाली आणावं लागतं.

मेडिकलचं शिक्षण इथे कामाला आलं नाही असं कोणी म्हणू शकेल का? मोकळेपणाने लिहा, विरोधात असाल तरी.

जीपी_काका

पांझराताई, विरोधातच लिहितो, राग मानू नका.

भारुड साहेबांबद्दल आदर पूर्ण आहे. पण ऑक्सिजन प्लांट बसवायला एमबीबीएस लागतं हे मला पटत नाही. लागते ती दूरदृष्टी आणि फाइलवर सही करायची हिंमत. चांगला सिव्हिल सर्जन शेजारी असेल आणि कलेक्टर त्याचं ऐकत असेल तर इंजिनियर कलेक्टरसुद्धा हेच करेल.

दुसरं म्हणजे डॉक्टरकी ही हाताची विद्या आहे. मी चाळीसेक वर्षं तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस केली. डिहायड्रेशन झालेल्या तान्ह्या पोराची शीर सापडणं, पोट दाबून बघताना कुठे बोट थांबवायचं हे कळणं, हे रोज केलं तरच राहतं. मसुरीला ट्रेनिंग, मग प्रांत, मग सीईओ, मग कलेक्टर, एवढ्यात हात गेला तो गेला. तुमच्या भाचीवर सरकारने साडेचार वर्षं आणि वर इंटर्नशिपचं एक वर्ष खर्च केलं ते या हातासाठी. ग्रामीण रुग्णालयात आजही भूलतज्ज्ञ नसतो, बाळंतीण अडली की जिल्ह्याला पाठवतात. अशा वेळी शिकलेला डॉक्टर निघून जातो याचं दुःख होतं, आणि ते मी लपवणार नाही.

पीएचसी_मेडिकल

>>ऑक्सिजन प्लांट बसवायला एमबीबीएस लागतं हे मला पटत नाही

काका, बसवायला नाही लागत पण *कधी* बसवायचा ते कळायला लागतं. आकडे बघा ना. जंबो सिलिंडरमध्ये साधारण ७००० लिटर. पेशंट मिनिटाला १० लिटरवर असेल तर बारा तास पण निघत नाहीत. म्हणजे एका पेशंटला दिवसाला दोन जंबो, आणि असे पन्नास पेशंट असतील तर रोज शंभर सिलिंडर बाहेरच्या जिल्ह्यातून भरून आणायचे, तेही सगळा महाराष्ट्र त्याच रांगेत उभा असताना. पीएसए प्लांट हवेतला नायट्रोजन झिओलाइट नावाच्या खनिजावर अडकवतो आणि ९३ टक्क्यांच्या आसपास शुद्ध ऑक्सिजन थेट पाइपात सोडतो, वीज आहे तोवर चालू. आणि २४०० लिटर म्हणजे १० लिटरवरचे २४० पेशंट, पण तेच पेशंट लवकर पकडले, सॅच्युरेशन घसरायला लागल्या लागल्या ५ लिटरवर घेतले तर ४८०. नंदुरबारला हेच धोरण होतं, पेशंट धापा टाकायला लागायच्या आधी पाइप लावायचा म्हणजे त्याला ऑक्सिजनही कमी लागतो. शिवाय फ्लो बघायला खास सिस्टर नेमल्या होत्या, ऑक्सिजन नर्स म्हणायचे, नंतर राज्यभर त्याचं अनुकरण करा म्हणून सांगितलं गेलं. वॉर्डात रात्र काढलेल्या माणसालाच माहीत असतं की पेशंट जेवायला उठतो, मास्क काढून ठेवतो आणि ऑक्सिजन तसाच गादीवर वाहत राहतो.

आता माझा अनुभव. मी आदिवासी भागात पीएचसीला म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर आहे, जिल्हा सांगत नाही. आमच्याकडे मध्यंतरी एक डॉक्टर असलेले सीईओ होते. एरवी साहेब लोक व्हिजिटला आले की आधी रंगरंगोटी, मग हजेरीपत्रक, मग ओपीडीचा आकडा, चहा आणि निघाले. हे साहेब गाडीतून उतरून सरळ कोल्ड चेनच्या खोलीत. आयएलआर म्हणजे लसींचा फ्रिज उघडला, आतला थर्मामीटर स्वतः वाचला, मग टेम्परेचरचं रजिस्टर मागितलं. सकाळ-संध्याकाळ महिनाभर ४ डिग्री, ४ डिग्री, ४ डिग्री, एकाच पेनाने. गावात त्या महिन्यात आठ-आठ तास लाइट नव्हती हे त्यांनी येताना सरपंचांकडून ऐकलेलं. ते काही बोलले नाहीत, लसीची एक व्हायल उचलून लेबलवरचा, उष्णतेने काळा पडत जाणारा चौकोन उजेडात धरला आणि आमच्या एएनएम सिस्टरला विचारलं, ताई हा चौकोन कुठपर्यंत काळा झाला की लस टाकून द्यायची? तिला येत होतं, तिने बरोबर सांगितलं. मग म्हणाले की मग रजिस्टरपण एवढंच खरं लिहीत जा, लाइट नव्हती तर नव्हती लिहा, त्यावरून मला तुम्हाला सोलर देता येईल.

तिथून लेबर रूम. बाळाला श्वास द्यायची अंबू बॅग कपाटात कुलपात होती. किल्ली सापडेपर्यंत ते शांतपणे घड्याळाकडे बघत उभे राहिले. न रडलेल्या बाळाला पहिलं मिनिट किती महत्त्वाचं असतं ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, त्यामुळे कोणाला काही समजावून सांगायची गरजच पडली नाही. त्या दिवसापासून बॅग वॉर्मरच्या शेजारी खुंटीला असते.

काका, हात गेला असेल, नजर जात नाही. त्या एका चकरेने जिल्ह्यातल्या सगळ्या पीएचसींत खुंट्या ठोकल्या गेल्या. मी एकट्याने हे माझ्या पीएचसीत केलं असतं तर ते माझ्या पीएचसीपुरतंच राहिलं असतं.

जीपी_काका

हे मात्र मानलं, डॉक्टर. लेबर रूमच्या घड्याळाचं वाचून अंगावर काटा आला.

पण मग पुढचंही सांगा, ते साहेब किती टिकले आणि नंतर काय झालं?

पीएचसी_मेडिकल

दीड-पावणेदोन वर्षं. मग बदली. नंतर आलेल्या साहेबांचा भर घरकुलं आणि शाळांवर होता, ते कामही गरजेचंच आहे, त्यांना दोष देत नाही. पण सोलरच्या प्रस्तावात दोनच केंद्रं झाली होती ती तेवढीच राहिली. खुंट्या टिकल्या कारण त्याला पैसे लागत नाहीत.

लेखी_परीक्षा

मी स्पर्धा परीक्षांच्या मुलांना शिकवतो, बरेच विद्यार्थी एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, व्हेटर्नरीचे असतात. आपल्याकडे नावामागे डॉ. असलेले डेप्युटी कलेक्टर आणि तहसीलदार बघितलेत तर त्यात बीएएमएस आणि व्हेटर्नरीवाले पुष्कळ निघतील, फक्त एमबीबीएसच धरू नका. तमिळनाडूचे जे. राधाकृष्णन तर मूळचे जनावरांचे डॉक्टर, २००४ च्या त्सुनामीनंतर नागपट्टिणम सावरलं ते त्यांनी आणि कोविडात राज्याचे आरोग्य सचिवही तेच.

डॉक्टर मुलं परीक्षेत मागे पडतात असं कोणाला वाटत असेल तर २००९ च्या परीक्षेत देशात पहिला आलेला शाह फैसल एमबीबीएस, २०११ च्या परीक्षेत पहिली आलेली शेना अगरवाल एम्सची. वैद्यकशास्त्र हा ऑप्शनल आहे, २५०-२५० मार्कांचे दोन पेपर. पहिल्यात ॲनाटॉमी, फिजिऑलॉजीपासून फार्मा, फॉरेन्सिकपर्यंत आणि दुसऱ्यात मेडिसिन, पेडियाट्रिक्स, स्किन, सर्जरी, गायनॅक, पीएसएम म्हणजे सामाजिक आरोग्य. म्हणजे अख्खं एमबीबीएस. ताजं असताना घेतलं तर फायदा, चार वर्षं प्रॅक्टिस करून आलेल्यांना ते पुन्हा उकरणं जड जातं, मग ती मुलं अँथ्रोपॉलॉजीकडे वळतात.

माझ्या बघण्यात डॉक्टर मुलांची खरी अडचण वेगळीच असते. त्यांना पाच वर्षं नेमकं आणि मुद्द्यापुरतं लिहायची सवय लागलेली असते, आणि इथे निबंधात दोन बाजू मांडून, उदाहरणं देऊन, हजार-बाराशे शब्द चालवायचे असतात. त्यावर सहा महिने घाम गाळावा लागतो. भाचीला आत्तापासून रोज एक पान लिहायला लावा, कशावरही, पण सलग.

वैनगंगा

डॉ. श्रीकांत जिचकारांचं नाव अजून कोणी घेतलं नाही याचं नवल वाटून राहिलं. काटोलकडचा माणूस, नागपूरचं एमबीबीएस, एमडी, १९७८ ला आयपीएस झाले आणि सोडलं, १९८० ला आयएएस झाले आणि चार महिन्यांत तेही सोडलं आणि निवडणूक लढून २६ व्या वर्षी आमदार. डिग्र्यांसाठी सगळे त्यांना ओळखतात, पण माझे वडील त्यांच्या भाषणांना जायचे ते सांगत की या माणसाला ना दवाखान्यात समाधान होतं ना खुर्चीत, त्याला निर्णय जिथे होतो तिथे जायचं होतं. २००४ मध्ये अपघातात गेले, पन्नाशीचेही नव्हते. विदर्भाचं फार मोठं नुकसान झालं भाऊ.

म्हणजे डॉक्टरकी सोडून आयएएस झालेला माणूस तिथेच थांबेल हेही गृहीत धरू नका. रोमन सैनी बघा, एम्सचा डॉक्टर, आयएएस, जबलपूरला असिस्टंट कलेक्टर असताना राजीनामा देऊन ऑनलाइन शिकवण्याच्या कंपनीत. ज्याचं त्याचं आयुष्य आहे, पण पांझराताईंच्या नातेवाइकांतल्या दुसऱ्या पार्टीचा, सीट अडवल्याचा प्रश्न इथे जास्त टोचतो असं मला वाटते.

निळावंती

मला वाटतं सगळ्यात नेमकं उदाहरण राजस्थानचं आहे, डॉ. समित शर्मा. तेही एमबीबीएस करून आयएएस. चित्तोडगढला कलेक्टर असताना सहकारी दुकानांतून जेनेरिक औषधं स्वस्तात विकायला सुरुवात केली. डॉक्टर असल्यामुळे त्यांना कोणी फसवू शकत नव्हतं, कारण तेच रसायन, तोच डोस, फक्त वेष्टन आणि नाव वेगळं असताना किंमत किती पटीने वाढते हे त्यांना प्रिस्क्रिप्शन बघूनच कळायचं. ब्रँडेडशिवाय गुण येत नाही असं एखाद्या डॉक्टरने सांगितलं तर बी.ए. झालेला अधिकारी गप्प बसेल, हे बसले नाहीत. पुढे राज्याच्या औषध खरेदी महामंडळाचे ते एमडी झाले आणि २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी दवाखान्यांत मोफत औषध योजना सुरू झाली. ती योजना सरकारं बदलली तरी चालू राहिली, माझ्या दृष्टीने हे सगळ्यात महत्त्वाचं.

पण जीपी काकांच्या बाजूनेही एक सांगते. ही जी पद्धत राजस्थानने घेतली ती मुळात तमिळनाडूची, १९९४-९५ ला उभी राहिलेली. प्रत्येक दवाखान्याला पासबुक, त्यात वर्षाच्या औषधांची रक्कम, जिल्ह्याच्या गोदामातून लागेल तसं उचलायचं, आणि मालाचा नमुना लॅबमध्ये पास झाल्याशिवाय गोदामातून एक गोळी बाहेर पडायची नाही. ती बसवणारे पूर्णलिंगम आयएएस होते, डॉक्टर नव्हते. म्हणजे डॉक्टर असणं मदतीला येतं, पण एवढ्यावर भागत नाही आणि त्याच्याशिवाय अडतही नाही. अडतं ते यंत्रणा बांधून न ठेवल्यामुळे. पीएचसी डॉक्टरांच्या सोलरचं तेच झालं ना.

आपल्या राज्यात औषध खरेदी आधी वेगवेगळ्या खात्यांकडे, मग २०१७ ला हाफकिन महामंडळाकडे, मग २०२३ च्या कायद्याने नवीन प्राधिकरणाकडे. दर थोड्या वर्षांनी घडी मोडायची आणि नवी घालायची, यात मधल्या काळात हाल कोणाचे होतात ते ओपीडीत चिठ्ठी घेऊन बाहेरच्या मेडिकलमध्ये जाणाऱ्याला विचारा.

पीएचसी_मेडिकल

निळावंतीताई, अगदी मनातलं बोललात आणि आता मी जे लिहिणार आहे ते बऱ्याच दिवसांपासून साठलंय.

नातेवाइकांतली दुसरी पार्टी भाचीला विचारतेय तू डॉक्टरकी का सोडतेस. मला वाटतं विचारायला हवं की डॉक्टरला आरोग्याचे निर्णय घ्यायचे असतील तर त्याला आरोग्य खातं *सोडूनच* का जावं लागतं. मी या खात्यात आयुष्यभर राहिलो तर मेडिकल ऑफिसर, मग टीएचओ म्हणजे तालुक्याचा आरोग्य अधिकारी, नशीब असेल तर डीएचओ म्हणजे जिल्ह्याचा, किंवा सिव्हिल सर्जन, त्याच्यावर उपसंचालक, संचालक. आणि संचालकांच्या वर आयुक्त, ते आयएएस, त्यांच्या वर सचिव, तेही आयएएस. जिल्ह्यात डीएचओ पन्नाशीचा, पंचवीस वर्षं साथी आणि कुपोषण हाताळलेला, आणि तो तिशीतल्या सीईओंच्या केबिनबाहेर फाइल घेऊन बसलेला असतो. ते सीईओ हुशार असतात, मान्यच आहे, पण त्यांना त्या फाइलमधला सिकलसेल हा रक्ताचा आजार काय आहे इथून सुरुवात करावी लागते आणि समजेपर्यंत बदली.

याच्यावर उपाय कोणाला सुचला नव्हता असं नाही. इंग्रजांच्या काळात इंडियन मेडिकल सर्व्हिस होती, ती १९४७ ला संपली. नंतर १९६३ मध्ये अखिल भारतीय सेवांच्या कायद्यात दुरुस्ती करून तीन नव्या सेवांची तरतूद झाली, इंजिनियर्स, फॉरेस्ट, आणि मेडिकल व हेल्थ. त्यातली फॉरेस्ट १९६६ ला सुरू झाली, आज पुष्कळ जिल्ह्यांत डीएफओ म्हणजे वनाधिकारी या फॉरेस्ट सर्व्हिसचा असतो आणि जंगलाच्या निर्णयात त्याचा शब्द चालतो. मेडिकलवाली कागदावरच राहिली. राज्यांना आपल्या हातातलं आरोग्य खातं केंद्राच्या सेवेकडे द्यायचं नव्हतं हे एक कारण. वाघाच्या जिल्ह्यात वाघाचं शिक्षण घेतलेला अधिकारी आणि कुपोषणाच्या जिल्ह्यात मात्र जो येईल तो.

म्हणून भाचीने जाऊ दे. ती गेली म्हणून सीट वाया जात नाही. पण दर वर्षी माझ्यासारखे जे मागे राहतात त्यांच्या अनुभवाला वर जायला रस्ताच नाही, ते जास्त वाया जातंय.

जीपी_काका

डॉक्टर, हा मुद्दा मी असा कधी मांडलेला ऐकला नव्हता. आमच्या बॅचचे दोघे सरकारी नोकरीत गेले होते, दोघेही हुशार, आणि दोघेही शेवटी कंटाळून खाजगीत आले. त्यांना आम्ही पैशासाठी गेले म्हणायचो.

पांझराताई, माझा विरोध थोडा मवाळ झालाय असं समजा. एक अट मात्र घाला भाचीला. आयएएस झाली तर निदान सुरुवातीची एक पोस्टिंग मागून आदिवासी जिल्ह्यात घ्यावी आणि सिव्हिलला महिन्यातून एकदा न सांगता रात्री जावं. दिवसा सगळं ठीकच असतं.

खान्देशी_मिरची

अनुमोदन काका. भारुड साहेब नंदुरबारहून पुण्याला आदिवासी संशोधन संस्थेत आयुक्त म्हणून गेले तेव्हा आमच्याकडे बऱ्याच लोकांना वाईट वाटलं होतं. पाड्यावरच्या म्हातारीशी तिच्या बोलीत बोलणारा कलेक्टर परत कधी मिळेल माहीत नाही. एमबीबीएस हा त्यातला अर्धा भाग झाला, उरलेला अर्धा ते जिथून आले तिथला आहे, आणि तो कुठल्याच कॉलेजात मिळत नाही. भाचीताई शहरातल्या असतील तर बोली शिकायची तयारी ठेवा म्हणावं.

पांझरा

सगळ्यांचे आभार, अगदी मनापासून. भाचीला पूर्ण धागा वाचायला दिला. लेबर रूमचा किस्सा तिने दोनदा वाचला. मूळची धुळ्याचीच आहे त्यामुळे अहिराणी येते, भिल्ली नाही.

तिचे दोन प्रश्न. एक, इंटर्नशिप पूर्ण व्हायच्या आत परीक्षा देता येते का? दोन, बाँडचं म्हणजे सरकारी कॉलेजात शिकल्यावर करायच्या सक्तीच्या सेवेचं काय करायचं, आधी बाँडचं वर्ष करावं की परीक्षा?

लेखी_परीक्षा

पहिल्याचं उत्तर हो. फायनल एमबीबीएस पास झालेली आहे पण इंटर्नशिप बाकी आहे अशांना मेन्सला तात्पुरता प्रवेश देतात, फायनल पास झाल्याचं कॉलेजचं सर्टिफिकेट जोडायचं. मुलाखतीच्या वेळी मात्र डिग्री किंवा इंटर्नशिपसकट सगळं पूर्ण झाल्याचा दाखला हातात पाहिजे, तिथे सवलत नाही. वयाची घाई करू नका, ओपनला ३२ आणि ६ अटेम्प्ट, ओबीसीला ३५ आणि ९, एससी-एसटीला ३७ पर्यंत अटेम्प्टची मर्यादा नाही.

पीएचसी_मेडिकल

बाँडचं मी सांगतो. नियम आणि दंडाची रक्कम अधूनमधून बदलते म्हणून कॉलेजच्या ऑफिसातून तिच्या बॅचचं लेखी घ्या, सिनियरच्या सांगण्यावर जाऊ नका. माझं विचाराल तर बाँडचं वर्ष आधी करावं आणि पीएचसीच घ्यावी. ओपीडी दुपारपर्यंत आटोपते, संध्याकाळी अभ्यास होतो, क्वार्टर असतं, आणि पगार चालू असल्याने क्लासच्या फीसाठी घरच्यांकडे बघावं लागत नाही. फक्त नोकरीत असताना फॉर्म भरला तर ऑफिसला लेखी कळवायचं आणि त्याची पोच ठेवायची, नंतर तो कागद मागतात.

आमच्या शेजारच्या पीएचसीत एक जागा रिकामी आहे. रस्ता पावसाळ्यात दोन महिने बंद असतो आणि नेटवर्क टेकडीवर जाऊन मिळतं, पण स्टाफ चांगला आहे. यायचं असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा, जिल्हा तिथे सांगतो.